पाखरू बसायच्या आत नाव

आमच्या सासुरवाडीत कुणी हळू आवाजात बोललं की समजायचं, घरात कुणीतरी आजारी आहे. एरवी सगळे ओरडूनच बोलत. त्यात राग नसे, भांडण नसे. 'मीठ द्या' हेसुद्धा ते लोक आग लागल्यासारखं म्हणत. कारण साधं होतं. अंबाजोगाईच्या बाजारामागच्या गल्लीत त्यांची पिठाची गिरणी होती आणि गिरणीला लागूनच घर. मधल्या भिंतीचा काही उपयोग नव्हता. पट्टा फिरायला लागला की स्वयंपाकघरातल्या फळीवरचे पेले किणकिणायला लागत, आणि त्या किणकिणण्यावरून सासूबाई सांगत, आत ज्वारी पडली आहे की गहू.

माझा केजला मंडप-लाऊडस्पीकरचा धंदा. म्हणजे दोन्हीकडे आवाजाचाच मामला, फक्त आम्ही तो भाड्यानं देत होतो आणि ते फुकट सोसत होते. लग्नात बायकोनं उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हा मी ऐटीत माझ्याच दुकानाचा नवाकोरा माईक तिच्यासमोर धरला. तिनं तो हातानं बाजूला सारला आणि उखाणा घेतला. मंडपाबाहेर पंगतीला बसलेल्यांनी तिथूनच दाद दिली. माझा एक मित्र कानाशी येऊन म्हणाला, "बे, सामान विकून टाक आता. घरचंच झालं."

ही हकीगत त्या घरातल्या सगळ्यात मोठ्या आवाजाच्या माणसाची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. त्यांना मी मामा म्हणायचो. आमच्याकडं तसंच म्हणतात. नेमकं सांगायचं तर ही त्यांच्या कानांची हकीगत आहे. ते कान त्यांना कशासाठी लागत होते, आणि ते जात असताना आम्ही सगळे शेजारी बसून पुरणपोळ्या कशा खात होतो, हे सांगायचं आहे.

मामा पाखरं ओळखायचे. मोर, पोपट, घार ही नव्हेत. ती कुणीही ओळखतं. त्यांचा जीव होता मातकट रंगाच्या, मुठीत मावणाऱ्या, एकमेकांची नक्कल केल्यासारख्या दिसणाऱ्या पाखरांवर. माळावर चालताना पायाखालून चिमणीएवढं काहीतरी भुर्रकन उठतं, थोडं पुढं जातं आणि गवतात विरघळतं. तुम्ही म्हणाल, चिमणी. मामा म्हणायचे, तीरचिमणी. आणि तेवढ्यावर थांबायचे नाहीत. त्यातली कोणती? इथलीच, बारमाही राहणारी, शेपटी हलवणारी? का थंडीत बाहेरून येणारी, छातीवर रेघा नसलेली? का उठली की थेट झाडात जाऊन बसणारी? तिघी शेजारी ठेवल्या तर त्यांच्या आयांनाही सांगता यायचं नाही. पण उठताना प्रत्येकीच्या तोंडून वेगळं अक्षर पडतं. एक 'चिप् चिप्' करते, एक चिमणीसारखं जाडसर 'चिल्प' म्हणते, आणि एक 'त्सीईझ' असा बारीक आवाज काढते, सुईतून दोरा ओढल्यासारखा. पुरावा काय तो तेवढाच, आणि तोही एकदाच मिळतो.

म्हणून मामांचा नियम होता: उठलेलं पाखरू परत बसायच्या आत नाव सांगायचं. बसल्यावर सांगितलेलं नाव ते धरतच नसत. "बसल्यावर काय," ते म्हणायचे, "पुस्तक उघडून कुनीबी सांगंल."

हा नाद त्यांना लागला लाइटमुळं, म्हणजे लाइट जाण्यामुळं. "मोटार बंद पडली की आदी कानात शिट्टी वाजती," त्यांनी मला सांगितलं होतं. "मग ती इरती. आन मग जो पहिला आवाज येतो तो पाखराचाच. दर खेपी. म्हटलं, हे हाय तरी कोण, बगावं." लाइट गेली की गिऱ्हाइकांचे डबे ओळीनं लावून ठेवायचे आणि अंगावरचं पीठ झटकत माळाकडं निघायचे. कपाळावर भस्म, भुवयांवर पीठ, छातीवर सदऱ्याआड लिंगायतांचं इष्टलिंग. लाइट गेली की सगळं गाव शिव्या द्यायचं. त्या वेळी एकच माणूस मनातून खूश असायचा, आणि तो गिरणीवाला होता.

लग्नानंतर मी त्यांच्याबरोबर जायला लागलो. माझे कान धंद्यामुळं तयार होते; कुठल्या भोंग्याचा पडदा फाटलाय ते मी लांबून सांगायचो. मामांनी ते ओळखलं आणि मला पाखरं शिकवली. मी खुशीत येऊन त्यांना एक दुर्बीण आणून दिली. झाला घोटाळा. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही अशी त्यांच्या घरची रीत. दुर्बीण कशी घेणार? शेवटी सासूबाईंनी तोड काढली. दुर्बीण जावयाचीच, ती फक्त सासुरवाडीला खुंटीवर ठेवलेली. त्यामुळं ती वापरायच्या आधी मामा दर वेळी मला विचारायचे, "जावईबापू, जरा बगू का?" आणि मीही नाटकी मान झुकवून म्हणायचो, "बघा की मामा, आपलीच आहे." या खेळाचा आम्हाला दोघांनाही कधी कंटाळा आला नाही.

आता जावईपण म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या भागात जावयाचं बोलणं खोडत नाहीत. सासरा जावयाला 'तुमचं चुकलं' असं म्हणत नाही. मी एकदा जेवताना बोललो की औरंगाबाद अंबाजोगाईच्या दक्षिणेला आहे. घरातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. बायको मामांना अप्पा म्हणते; ती रात्री म्हणाली, "कावून असं कायबी बोलता? अप्पांना उगं मान हालवावी लागती." मला काय, तो परवानाच मिळाला. मी सूर्य पश्चिमेला उगवतो म्हणालो असतो तरी मामांनी म्हटलं असतं, "असंल, असंल. तुमी फिरस्ते मानसं."

पण पाखरांच्या बाबतीत मामा ही रीत पाळत नसत, एवढं त्यांचं प्रेम होतं. पहिली काही वर्षं माळावर ते मला सरळ खोडायचे. आधी चपला बाजूला काढून ठेवल्यासारखा जावईमान बाजूला ठेवायचे आणि म्हणायचे, "न्हाई. ती न्हाई. ऐकलं न्हाईत तुमी नीट." ते ऐकायला मी केजहून एसटीनं यायचो. आयुष्यात मला खोटं ठरवणारी माणसं पुष्कळ भेटली, पण इतक्या आनंदानं खोटं ठरवणारा एकच.

मग हळूहळू ते थांबलं.

कधी थांबलं हे सांगता येत नाही. ती वर्षंच अशी होती की रोज काहीतरी नवीन उगवायचं आणि जुनं कधी गेलं ते कळायचं नाही. गल्लीत एसटीडीचं पिवळं बूथ आलं. घरांवर डिशच्या ताटल्या आल्या. माझ्या दुकानात लाकडी खोक्यांच्या जागी माणसाएवढे बॉक्स आले, आणि वरातीत पोटात गोळा उठेल इतका आवाज पाहिजे असं लोक स्वतःहून मागायला लागले. मामांनी जुनं जातं काढून मोठं बसवलं आणि शेजारी मिरची कांडायचं यंत्र टाकलं. त्या यंत्राच्या आवाजापुढं जुनी गिरणी म्हणजे पाळणा हलवल्यासारखी. माळावर प्लॉटचे दगड रोवले गेले, त्यांवर लाल रंगाचे आकडे.

आणि मामा म्हणायला लागले, "पाखरं चालली, जावईबापू."

पहिल्यांदा त्यांनी ते पर्णवटवट्यांबद्दल म्हटलं. हे कडुलिंबाच्या पानाएवढं, पानाच्याच रंगाचं पाखरू थंडीत येतं आणि दिवसभर शेंड्यात बारीक आवाजात बोलत राहतं. दिसलं न दिसलं, आवाजावरूनच ओळखायचं. "यंदा आलाच न्हाई," मामा म्हणाले. "आमच्या दारच्या लिंबावर दर साली यायचा. आता ह्ये फवारे, ह्ये प्लॉट. कशाला यील?" त्याच सकाळी तोंड धुताना मला लिंबावर काहीतरी बोलल्यासारखं वाटलं होतं. पण एवढा जाणता माणूस नाही म्हणतो तर आपल्यालाच भास झाला असेल, असं मी स्वतःला समजावलं.

पुढच्या खेपेला डोंबारी. हा छोटा चंडोल. नर हवेत वर चढतो, आणि पंख मिटून दगडासारखा खाली येताना लांब शीळ घालतो, खाली येईतो. मामा उभे राहून बघत होते. "डोंबारीसुद्दा मुका झाला," ते म्हणाले. "उड्या मारतोय, शीळ न्हाई. पोटाला मिळत नसंल." मला शीळ ऐकू येत होती. पण मला वाटलं, ते दुसऱ्या कुठल्या डोंबाऱ्याबद्दल बोलत असतील. माळावर चार-दोन तर नेहमीच असतात.

घरी येऊन ते तासन् तास गप्प बसायचे. ओरडणाऱ्या घरात एक माणूस गप्प बसला की भीती वाटते. सासूबाई मला म्हणाल्या, "पाव्हणं, ह्यांला काय झालंय? जेवताना म्हन्तेत, समदं उजाड झालं. ज्वारी तर कमरंएवढी हाय."

आणि माळावर ते नाव सांगेनासे झाले. पाखरू उठलं की माझ्या तोंडाकडं बघायचे. "तुमी सांगा, जावईबापू." मी सांगायचो. "हां, तीच," ते म्हणायचे. सुरुवातीला मी फुगलो. वाटलं, तयार झालो आपण. मग लक्षात आलं की मी काहीही म्हटलं तरी 'हां, तीच.' माझी समजूत झाली की वयाबरोबर मामा रीतीला लागले. मलाही आता माळावर औरंगाबाद दक्षिणेला दाखवता येणार होतं. त्यात अपमान वाटण्यासारखं काही नव्हतं, पण मला ते लई झोंबलं. मला ते आनंदानं खोटं ठरवणं परत पाहिजे होतं.

मग मी एक नाटक रचलं. ठरवलं, इतकं धडधडीत चुकायचं की या माणसाला जावयाचा मान सोडून खोडावंच लागेल.

पौषातली सकाळ होती. ज्वारीत दाणे भरलेले. लाइट गेलेली, म्हणून आम्ही माळावर. पायाजवळून नेहमीची, इथली, शेपटी हलवणारी तीरचिमणी उठली. 'चिप् चिप्' स्पष्ट. मी छाती पुढं काढून म्हणालो, "झाडावरची! झाडावरची तीरचिमणी!" आणि ती समोरच ढेकळावर बसून शेपटी हलवायला लागली. आंधळ्यालाही कळावं. मामा म्हणाले, "असंल, असंल."

मी मनात म्हटलं, थांबा, असे सोडत नाही. थोडं पुढं एक एकटी बाभूळ होती. तिच्यात काहीही नव्हतं. ना पाखरू, ना आवाज, वारासुद्धा पडलेला. मी ओठांवर बोट ठेवलं, डोळे मोठे केले, हौशी नाटकात काम करतो तसा हात उंच धरला. "मामा. गप्प. बाभळीत पर्णवटवट्या बोलतोय. ऐकला?"

मामांनी मान एका बाजूला कलती केली.

"ऐकला की," ते म्हणाले. "ग्वाड बोलतोय."

माझं हसू गळ्यापर्यंत आलं होतं. तिथंच राहिलं. कारण मी त्यांच्या डोळ्यांकडं पाहिलं. ते बाभळीकडं बघत नव्हते. ते माझ्या ओठांकडं बघत होते, गिरणीत आवाज चालू असताना दळण आणलेल्या बायका त्यांच्या हाताकडं बघत तसे.

इथं गिरणीबद्दल एक सांगायला हवं. चालू गिरणीत कुणी बोलत नाही. सगळं हातानं चालतं. अंगठा आणि बोटं चोळली म्हणजे बारीक दळा. मूठ उघडी म्हणजे भरड. तळहात खाली करून दोनदा हलवला म्हणजे थांबा, नंतर. गिरणीत खुणा, घरात आरडाओरडा, आणि माळावर पाखरं उडू नयेत म्हणून गप्प. या माणसाचा दिवस असा बेतलेला होता की त्यात कान गेले तरी कुठंच उघडं पडू नये. राहिला मी. आणि मी त्यांच्या 'हां, तीच'ला रीत समजत होतो.

घरी येऊन सांगितलं तर सासूबाई हसल्याच. "कान? अवो, त्यांला समदं ऐकू येतंय. फकस्त माजं तेवढं येत न्हाई, आन ते लगीन झाल्यापासनंच हाय." बायको मात्र हसली नाही. ती उठून गेली, आणि मामांच्या पाठीमागं जाऊन हळूच बांगड्या वाजवल्या. त्यांनी वळून पाहिलं नाही. ती तिथंच उभी राहून पुन्हा पुन्हा वाजवत राहिली.

दवाखान्यात जायला ते तयार होईनात. गावात एवढं मोठं सरकारी हॉस्पिटल, घरापासून चालत जाण्यासारखं. पण मामांचं उत्तर ठरलेलं. "मला काय धाड भरलीय? पाखरंच न्हाईत तर ऐकू काय?" सासूबाई ओरडल्या, बायको रडली. मी वाट बघत बसलो. कारण पावसाळ्याच्या तोंडाला धोंड्याचा महिना येणार होता.

धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावतात, धोंडे करून वाढतात, आणि वाण देतात. त्या दिवशी जावई मागेल त्याला नाही म्हणत नाहीत. मी पाटावर बसलो. ताटात धोंडे, वर तुपाची धार. मामांनी वाणाचं तबक पुढं केलं. मी हात मागं घेतला आणि भर पंक्तीत, कीर्तनाला उभं राहिल्यासारखा आवाज लावून म्हणालो, "तबक नको. मला मामांचे कान पाहिजेत. उद्या दवाखान्यात."

घर एकदम शांत झालं. त्या घरातली ती पहिली शांतता मी ऐकली. मामांनी तबक पाटाशेजारी ठेवलं. मग म्हणाले, "बरं, मागून मागून कानच मागितलं. न्या."

दवाखान्यात एका बंद खोलीला काच होती. मामांना आत बसवलं, कानांवर हेडफोन घातले. बाहेर यंत्रावर एक तरुण मॅडम. त्यांनी नीट समजावून सांगितलं, "काका, बारीकसा आवाज आला की बोट वर करा." तपासणी सुरू झाली. मॅडमनी बटण दाबलं, बोट वर. पुन्हा दाबलं, बोट वर. कितीही बारीक केला तरी बोट वर. मॅडम हसून माझ्याकडं वळल्या. "अहो, यांचे कान तर माझ्यापेक्षा चांगले आहेत."

मी काचेतून बघत होतो. मामा मॅडमच्या कोपराकडं बघत होते. कोपर हललं की बोट.

इतकी वर्षं माणसांच्या हातांकडं बघूनच दळलेला तो माणूस. फसवणूक करतोय असं त्यांच्या मनातही नसावं; समोरची बाई काहीतरी देतेय तर घेतलं पाहिजे, एवढंच. मी मॅडमना हळूच म्हणालो, "त्यांची खुर्ची भिंतीकडं फिरवा."

फिरवली. आता मला त्यांची पाठ दिसत होती. धुतलेला सदरा, पण शिवणीत पीठ राहिलेलं. जाड, खालच्या आवाजापासून सुरुवात झाली. बोट वर. थोडा वरचा, बोट वर, सावकाश. त्याच्या वरचा, बोट अर्धं उठलं आणि खाली गेलं, पुन्हा उठलं. मग मॅडमचं कोपर हलत राहिलं आणि आत काहीच झालं नाही. पाठ ताठ. हात मांडीवर. कोपर हलतंय, हलतंय. मला ओरडावंसं वाटलं, मामा, बोट वर करा! पण काचेच्या पलीकडं माझासुद्धा आवाज जात नव्हता.

डॉक्टर भले गृहस्थ होते, लपवाछपवी केली नाही. वरचे, बारीक आवाज गेलेत, ते परत यायचे नाहीत, गिरणीनं गेलेत. खालचे अजून शाबूत आहेत. माणसांचं बोलणं कळतंय ते त्यांच्यावर. गिरणी सोडली तर टिकतील, नाही सोडली तर तेही जातील. निदान मेणात भिजवलेल्या कापसाचे बोळे घालून तरी काम करा. मामांनी सगळं डॉक्टरांच्या ओठांकडं बघत ऐकलं आणि मान डोलावली.

बाहेर आलो. दवाखान्याच्या आवारात झाडं पुष्कळ. मामा एकाएकी थांबले. मला वाटलं, चक्कर आली. त्यांनी माझा दंड धरला.

"म्हंजी," ते म्हणाले, "पाखरं हायेत?"

मी होकारार्थी मान हलवली.

"डोंबारी शीळ घालतोय? आमच्या लिंबावर तो आलता?"

"आलता, मामा. दर साली येतोय."

ते त्या झाडांकडं बघत उभे राहिले. तोंडावर असं काहीतरी आलं की मी नजर काढून घेतली. दोन वर्षं ज्यांचं सुतक धरलं ते सगळे जिवंत आहेत असं कळलेल्या माणसासारखं ते तोंड होतं. आणि त्याच वेळी त्यांना कळत होतं की मेलं ते दुसरंच काहीतरी. "बरं झालं," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, "बरं झालं," आणि घराकडं चालायला लागले.

गिरणी त्यांनी सोडली नाही. मेव्हणा पुण्याला कंपनीत. तो फोनवर म्हणायचा, जागा भाड्यानं देऊन टाका, झेरॉक्सवाला तयार आहे. मामा ऐकून घ्यायचे. बोळे मी स्वतः करून दिले. ते त्यांना नकोच होते. "दगड कोरडा फिरायला लागला की त्याचा आवाज बदलतो," ते म्हणाले. "बोळा घातला तर तो काय म्हन्तोय ते कसं कळंल? पीठ जळंल, दगड जाईल." म्हणजे ज्या गिरणीनं कान खाल्ले तिलाच चालायला उरलेले कान पाहिजे होते. शेवटी घासाघीस होऊन ठरलं: पिठाच्या वेळी मोकळे कान, मिरचीच्या यंत्रापाशी बोळे. तेही सासूबाई लक्ष ठेवून असतील तरच.

थंडी आली. पाखरं आली. मी वाटच बघत होतो, आणि मनात धाकधूकही होती, की मामा आता माळावर येतील का.

आले. चालता चालता एक तीरचिमणी उठली आणि बोलली. मामांनी पाखराकडं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "काय म्हनाली?"

आता मी नकलाकार माणूस. पुढाऱ्यांच्या, बुवांच्या, इंजिनाच्या नकला करतो. पण 'त्सीईझ' त्यांना ऐकू येणार नव्हतंच. तिथंच तर कान संपत होते. मी ते खाली आणलं. एक पायरी, अजून एक. शेवटी छातीतून, घोगऱ्या आवाजात, "झूऊऊझ!"

मामा पोट धरून हसले. खाली बसले हसताना. "अवो, ह्ये पाखरू हाय का म्हशीचं रेडकू?" मग डोळे पुसले, आणि गंभीर झाले. "पुन्ना करा. लांबवली किती? मदी तुटली का?" मी पुन्हा केलं. "एकदाच? तुटक न्हाई? आन गेली कुटं, बाभळीत? मग झाडावरची. तुमी काय धरली होती?"

नकलेच्या नादात मी म्हणालो, बिनरेघांची.

"चूक," मामा म्हणाले. काय आनंदानं म्हणाले! "साफ चूक."

तेव्हापासून आमची रीत ही. पाखरू उठलं की मी रेडकाच्या आवाजात बोलायचं, आणि त्यांनी लांबी, तुटकपणा, उडायची तऱ्हा यावरून नाव सांगायचं, बसायच्या आत. माळावर गुरं राखणाऱ्या बायका आम्हाला बघून तोंडाला पदर लावायच्या. पर्णवटवट्या मात्र आम्हाला जमला नाही. तो खाली आणला की तो राहतच नाही. मामा लिंबाखाली खाट टाकून वर बघत बसायचे. "बोलतोय?" मी म्हणायचो, बोलतोय. "बोलू द्या," म्हणायचे.

ऐकायला गंमत वाटते. मलाही सांगताना येते. पण त्यात एक गोष्ट मला खात होती. आता माळावरची सगळी बारीक पाखरं मामांच्यापर्यंत माझ्या तोंडातून जाणार होती. मी चुकलो तर ते पाखरू चुकणार. मी थाप मारली तर त्यांना ती ओळखायचा मार्ग नव्हता. आणि थापा मारणं हा तर माझा स्वभाव.

पुन्हा एक पौष. त्या दिवशी वारा होता. एक तीरचिमणी उठली, वाऱ्यावर तिरकी गेली, चोच उघडलेली मला दिसली. आवाज वाऱ्यानं नेला. मामा माझ्या ओठांकडं बघत उभे. पाखरू अजून हवेत होतं. तिन्हींपैकी कुठलाही आवाज काढला असता तर ते खूश झाले असते, नाव आलं असतं, कदाचित 'चूक' सुद्धा मिळालं असतं. तोंड उघडलं होतं मी.

"ऐकू नाही आलं, मामा," मी म्हणालो. "वारा होता."

पाखरू बसलं. त्यांनी त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "खरं?"

"खरं."

"मग दोगंबी बहिरं," मामा म्हणाले, आणि माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेचं पीठ माझ्या कोटावर उमटलं. "चला. ते ऱ्हाऊ द्या बिननावाचं."

तेवढ्यात गावाच्या कडेच्या विहिरीवर मोटार सुरू झाली. पाइपातून पाणी उसळताना त्यांना लांबून दिसलं. लाइट आली. गिरणीत डब्यांची ओळ लागलेली असणार, आणि मिरचीचे दिवस. ते झपझप निघाले. मी दुर्बीण गळ्यात अडकवत मागं राहिलो, आणि खिशात हात गेला तर बोळे तिथंच. माळावर येताना काढून ते माझ्याजवळ देत असत.

"मामा!" मी ओरडलो. लाऊडस्पीकरवाल्याचा आवाज, पोटातून, जितका खाली नेता येईल तितका खाली. "मामा, बोळे राहिले!"

ते थांबले नाहीत, वळलेही नाहीत. फक्त उजवा हात पाठीमागं आला, तळहात खाली झाला आणि दोनदा हलला.

थांबा. नंतर.

ऐकू आलं होतं त्यांना. मला इतका आनंद झाला की मी जागच्या जागी उभा राहिलो. आणि ते मिरचीच्या यंत्राच्या दिशेनं लहान होत गेले, आणि माझ्या मुठीत तो कापूस होता, आणि मग मी पळायला लागलो.